टीव्हीवरचा पाऊस: कुठवर टिपलेला, कुठून पुढे मोजलेला

टीव्हीवर हवामानाचा नकाशा सरकायला लागला की आपली नजर थेट आपल्या भागावर जाते. मी म्हणेन, आधी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघा. पावसाचे निळे-हिरवे ठिपके दुपारी एकपासून सरकत येतात, चार वाजतात, सात वाजतात, बघता बघता रात्रीचे अकरा होतात. बातम्या संध्याकाळी सहाच्या असतील, तर या चित्रात सहा वाजण्याचा क्षण कधीतरी येऊन जातो. त्याच्या अलीकडचा पाऊस पडून गेलेला आहे आणि रडारने तो टिपला आहे. पलीकडचा पाऊस अजून कुठेच पडलेला नाही, तो संगणकाने गणित करून काढला आहे. पण दोन्हीकडे रंग तेच, कडा तशाच रेखीव, सरकण्याची चालही तीच. कित्येकदा मधला सांधा इतका सफाईने बुजवलेला असतो, की पाहणाऱ्याला तो कळतच नाही.

टीव्हीवरच्या हवामानाबद्दल एकच गोष्ट समजून घ्यायला वेळ असेल, तर ती या सांध्याची समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. कारण त्याच्या दोन्ही बाजूंची चित्रं मुळात वेगळ्या जातीची आहेत.

अलीकडची बाजू रडारची. रडार आकाशात रेडिओलहरी सोडतं आणि थेंबांवर आपटून परत आलेली लहर मोजतं. साधारण पाच-दहा मिनिटांनी नवं चित्र तयार होतं. हे निरीक्षण खरं असलं, तरी त्यालाही मर्यादा आहेत. रडारचा झोत जमिनीला समांतर जात नाही, थोडा वर उचललेला असतो, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे जसजसं लांब जावं तसतशी जमीन त्याच्याखाली आणखी खोल जाते. अर्ध्या अंशाने उचललेला झोत दीडशे किलोमीटरवर पोचेपर्यंत सुमारे अडीच किलोमीटर उंचीवर गेलेला असतो. म्हणजे तिथला जो पाऊस तुम्हाला पडद्यावर दिसतो, तो ढगातला आहे. खालची हवा कोरडी असेल, तर तो जमिनीवर येईपर्यंत वाटेतच आटूनही जातो. ‘नकाशात आमच्याकडे पाऊस दाखवत होते आणि इथे थेंब नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असतं.

दुसरी गंमत थेंबांच्या आकाराची. परत येणारी लहर थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. व्यास दुप्पट झाला, तर प्रतिध्वनी चौसष्ट पट. त्यामुळे थोडे पण मोठे थेंब, किंवा गारा, रडारवर भडक लाल दिसतात आणि भुरभुर पडणारा, पण तासन्‌तास चालणारा पाऊस फिकट हिरवा दिसतो. दिवसअखेर जास्त पाणी कदाचित त्या फिकट हिरव्यानेच दिलेलं असतं.

आता पलीकडची बाजू. इथे संगणकातलं मॉडेल असतं. वातावरणाच्या लहान लहान चौकटी पाडायच्या, प्रत्येक चौकटीतलं आत्ताचं तापमान, दाब, बाष्प, वारा भरायचा आणि भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी पुढच्या क्षणाला काय होईल ते काढत जायचं, अशी ही पद्धत. युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राचं जागतिक मॉडेल सुमारे नऊ किलोमीटरच्या चौकटींवर चालतं. वळवाचा एखादा गडगडाटी ढग काही किलोमीटरच रुंद असतो, म्हणजे तो अख्खा एका चौकटीत मावून जातो. मॉडेलला तो ढग वेगळा दिसतच नाही, ‘या चौकटीत अशा ढगांमुळे सरासरी इतका पाऊस’ एवढाच हिशोब ते ठेवतं. लहान प्रदेशांसाठी याहून बारीक, एक-दोन किलोमीटरच्या चौकटींची मॉडेल चालवतात. त्यांत ढग उमटतात, पण नेमका कोणता ढग कुठे फुटेल हे त्यांनाही काही तास आधी पक्कं सांगता येत नाही.

चौकटींचे हे आकडे टीव्हीच्या ग्राफिक्स यंत्रणेत येतात आणि तिथे त्यांच्यावर बराच हात फिरतो. चौकोनी ठोकळे पडद्यावर ओबडधोबड दिसतात म्हणून त्यांच्या कडा गुळगुळीत केल्या जातात. मॉडेलचे आकडे तासातासाचे असतात, पण चित्र तर सलग सरकायला हवं, म्हणून दोन तासांच्या मधली चित्रं सॉफ्टवेअर स्वतः भरतं. हे साध्या पद्धतीने केलं, तर पाऊस सरकत नाही; एका जागी विरत जातो आणि पुढच्या जागी उगवतो. म्हणून वाऱ्याची दिशा धरून ठिपके वाहते ठेवतात. यात कोणी फसवत नाही. पण नऊ किलोमीटरच्या चौकटीतून आलेला पाऊस नदीच्या एका तीरावर थांबलेला आणि दुसऱ्या तीरावर पडताना दिसला, तर ती नेमकेपणाची धार ग्राफिक्सने चढवलेली आहे. विज्ञानाने तेवढं काही म्हटलेलं नसतं.

पूर्वी ही अडचण नव्हती, कारण चित्रच कच्चं होतं. बीबीसीने नोव्हेंबर १९३६ मध्ये पहिल्यांदा टीव्हीवर हवामानाचा नकाशा दाखवला, तेव्हा पडद्यावर फक्त नकाशा होता आणि बोलणारा माणूस पडद्याबाहेर. माणूस नकाशासमोर येऊन उभा राहिला तो ११ जानेवारी १९५४ रोजी. जॉर्ज काउलिंग हे ब्रिटनच्या हवामान खात्यातले अंदाजकर्ते. त्यांच्यासमोर दोन नकाशे होते, एक आजचा आणि एक उद्याचा. कॅनडात त्याच्या आधी, सप्टेंबर १९५२ मध्ये, पर्सी सॉल्ट्झमन हातात खडू घेऊन फळ्यावर हवामान काढून दाखवत होते आणि शेवटी खडू हवेत उडवून झेलत होते. खडूने ओढलेली रेघ बघितली की ती एका माणसाने, विचार करून, अंदाजाने ओढली आहे हे आपोआप कळतं. ती थोडी इकडे, थोडी तिकडे असू शकते, हे त्या रेघेच्या जाडीतच लिहिलेलं असतं. चित्र सुधारत गेलं तसा हा प्रामाणिकपणा पुसट होत गेला, आणि त्याची भरपाई करण्याकडे फार उशिरा लक्ष गेलं.

मधला टप्पा चिन्हांचा. समदाब रेषा (हवेचा दाब सारखा असलेली ठिकाणं जोडणाऱ्या रेघा) आणि आघाड्या (थंड आणि उष्ण हवा जिथे भिडतात त्या सीमा) दाखवणारे नकाशे मुळात अंदाजकर्त्यांनी एकमेकांसाठी काढलेले. निळे त्रिकोण लावलेली रेघ म्हणजे थंड आघाडी, लाल अर्धवर्तुळांची म्हणजे उष्ण, हे सामान्य प्रेक्षकाला कसं कळणार? १९७५ साली बीबीसीने नवी चिन्हं आणली. ती मार्क ॲलन या कलाशाळेतल्या विद्यार्थ्याने आखली होती. काळा-पांढरा ढग, त्याखाली थेंब, ढगाआडून डोकावणारा सूर्य, विजेचा बाण. पत्र्याच्या नकाशावर चुंबकाने चिकटणारी ही चिन्हं कधी कधी कार्यक्रम चालू असताना गळूनही पडत. १९८५ मध्ये संगणकी नकाशे आले, चुंबक गेले, पण चिन्हांची ती घडण २००५ पर्यंत टिकली. आज मोबाइलवर जे ढग-सूर्य आपण बघतो, त्यांचं कूळ तिथपर्यंत जातं.

या चिन्हांबाबत एक गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते. चोवीस तासांच्या हवामानाला एकच चिन्ह द्यायचं, तर कोणतं द्यायचं? सकाळभर लख्ख ऊन, दुपारी चार ते पाच एक जोराची सर, मग पुन्हा निरभ्र आकाश. अनेक यंत्रणा अशा दिवसाला त्यातलं सर्वांत त्रासदायक हवामान निवडून देतात, म्हणजे ढग आणि थेंब. दिवसभर रिमझिम चालू असेल तरी चिन्ह तेच. आठवडाभराच्या पट्टीत सलग सात थेंब दिसले म्हणून सात दिवस पाऊस लागून राहणार असं समजू नये. तासातासाचा तक्ता उघडला की खरी हकीकत कळते.

निवेदकाचं काम दिसतं त्यापेक्षा बरंच अवघड आहे. पुष्कळ स्टुडिओंत त्याच्या मागे नकाशा नसतोच, एकरंगी हिरवा पडदा असतो. कॅमेऱ्याच्या चित्रातला तेवढा हिरवा रंग ओळखून यंत्र तो काढून टाकतं आणि तिथे नकाशा बसवतं. हिरवाच का, तर माणसाच्या त्वचेपासून हा रंग लांबचा आहे, आणि व्हिडिओच्या उजळपणात सर्वांत मोठा वाटा हिरव्याचा असल्यामुळे त्याची कड स्वच्छ कापता येते. निवेदकाने हिरवं काही घातलं, तर तेवढ्या जागेतून नकाशा दिसायला लागतो. मोकळे केस हा तर या यंत्रणेचा जुना वैरी, कारण एकेका केसाभोवती पडद्याचा हिरवा उजेड सांडलेला असतो.

मग तो बोट कशाकडे दाखवतो? डाव्या-उजव्या बाजूला आणि कॅमेऱ्याखाली मॉनिटर ठेवलेले असतात, त्यांत नकाशासकट तयार चित्र दिसतं. निवेदक त्यातला स्वतःचा हात बघून रिकाम्या हिरव्या पडद्यावर बोट नेतो. आरशाची सवय असलेल्या माणसाचा हात इथे सुरुवातीला हमखास उलट्या दिशेला जातो, कारण मॉनिटरमधलं चित्र आरशासारखं उलटं नसतं. मुठीत एक बटण असतं, ते दाबलं की पुढचा नकाशा. पुष्कळ निवेदक लिहिलेलं वाचत नाहीत, ते नकाशा बघून बोलतात. कानात निर्माता उरलेले सेकंद मोजत असतो आणि आधीची बातमी लांबली तर हवामानाचीच वेळ कापली जाते. दोन मिनिटांत अख्ख्या देशाचं आकाश सांगायचं, त्यातलं अर्धं मिनिट गेलं तर काय गाळायचं हे बोलता बोलताच ठरवायचं. आता मोठ्या एलईडी भिंती आल्यामुळे काही ठिकाणी नकाशा निवेदकालाही दिसतो, तरी घड्याळाशी शर्यत चालूच आहे.

नकाशा कुठून बघायचा, हाही निर्णयच असतो. मे २००५ मध्ये बीबीसीने त्रिमितीतला, पुढून मागे कललेला नकाशा आणला. हेलिकॉप्टरमधून बघावं तसं देशावरून उडत जायचं, अशी कल्पना. पण कललेल्या नकाशात जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसणारच. दक्षिणेकडून बघितल्यामुळे इंग्लंडचा दक्षिण भाग ऐसपैस झाला आणि स्कॉटलंड आक्रसून गेलं. तिकडच्या प्रेक्षकांनी जोरदार तक्रारी केल्या, जमिनीच्या तपकिरी रंगावरही टीका झाली, आणि बीबीसीला नकाशाचा कल कमी करावा लागला. स्कॉटिश प्रेक्षकांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. अंदाज सर्वांसाठी असेल, तर कोणाचाही प्रदेश चिंचोळा दिसता कामा नये.

रंगांचा विषय याहून नाजूक आहे. तापमानाच्या नकाशात पट्टे ठरलेले असतात, समजा तीस अंशांना पिवळा संपून नारिंगी सुरू होतो. मग एकोणतीस आणि एकतीस अंशांची दोन गावं एकदम वेगळ्या जगात असल्यासारखी दिसतात, आणि तीस व चौतीसची दोन गावं एकाच रंगात विरघळतात. आकड्यातला फरक आणि डोळ्याला जाणवणारा फरक यांचा मेळ बसत नाही. इंद्रधनुष्यातले सगळे रंग ओळीने वापरणाऱ्या नकाशात तर आणखी एक खोट असते. पिवळा रंग सर्वांत उजळ असल्याने डोळा आधी तिकडे धावतो, मग तिथलं हवामान कितीही मामुली असो. त्यात लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारे लोक थोडेथोडके नाहीत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर साधारण बारांत एक. कोणतीही धोक्याची खूण केवळ लाल-हिरव्याच्या भरवशावर ठेवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. रंगाबरोबर आकडा हवा, निदान उजळ-गडद फरक तरी हवा.

रंगपट्टी कायमची नसते, याचं ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. जानेवारी २०१३ च्या भीषण उष्णतेच्या लाटेत मॉडेल पन्नास अंशांच्या पलीकडचे आकडे दाखवू लागली आणि तिथल्या हवामान खात्याची रंगपट्टी पन्नासलाच संपत होती. खात्याने ती चोपन्नपर्यंत वाढवली, वरच्या टोकाला गडद जांभळा आणि गुलाबी जोडला. त्यामुळे जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवून ‘आता मुद्दाम लाल दाखवतात’ असं म्हणण्याआधी खाली दिलेली पट्टी वाचायला हवी. पट्ट्याच वेगळ्या असतील, तर त्या दोन नकाशांची तुलना होत नाही.

इशाऱ्यांचे रंग मात्र पूर्णपणे निराळे. भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीत हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. युरोपातल्या अनेक देशांतही हेच चार रंग आहेत. पावसाच्या नकाशातला लाल डाग आणि इशाऱ्यातला लाल जिल्हा एकाच बातमीपत्रात एकामागोमाग येतात. पहिला पावसाचा जोर सांगतो, दुसरा तुम्ही काय करायचं ते सांगतो. दोन्हींना एकच रंग देणं ही ग्राफिक्सवाल्यांची चूक आहे असं माझं मत आहे, आणि ती सुधारणं अवघडही नाही.

सगळ्यांत अवघड काम शंका दाखवण्याचं. आकडा देऊन ते करता येतं. अमेरिकेच्या हवामान सेवेने १९६० च्या दशकाच्या मध्यापासून पावसाची शक्यता टक्क्यांत सांगायला सुरुवात केली. पण ‘उद्या पावसाची शक्यता तीस टक्के’ याचा अर्थ काय? २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर आणि सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्क इथल्या लोकांना हे विचारलं. कोणी म्हणालं, तीस टक्के भागात पडेल. कोणी म्हणालं, दिवसातला तीस टक्के वेळ पडेल. खरा अर्थ असा, की उद्यासारखी हवा असलेले शंभर दिवस घेतले तर त्यांतल्या साधारण तीस दिवशी पाऊस पडेल. पाचांपैकी फक्त न्यूयॉर्कमध्ये बहुसंख्य लोकांनी हे बरोबर सांगितलं, जिथे टक्केवारीची सवय जुनी होती. सवय लागायला वेळ लागतो, तरी आकडा ऐकताना ‘कशाचे तीस टक्के’ हे निवेदकाने एका वाक्यात सांगितलंच पाहिजे.

चित्राने शंका दाखवणं त्याहून कठीण. अमेरिकेचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र चक्रीवादळाच्या वाटेभोवती एक पांढरा शंकू काढतं, पुढच्या पाच दिवसांचा, पुढे पुढे रुंद होत जाणारा. लोकांना वाटतं, शंकू रुंद होतो म्हणजे वादळ मोठं होत चाललंय. तसं ते अजिबात नसतं. मागच्या पाच वर्षांत वादळाच्या केंद्राचा अंदाज किती चुकला, त्यावरून ही रुंदी ठरत आली आहे. तीनांतल्या दोन वेळा केंद्र आत राहील एवढी ती ठेवतात. म्हणजे तीनांतल्या एका वेळी ते शंकूबाहेरही जाऊ शकतं. आणि वारा, पाऊस, समुद्राचं उसळतं पाणी हे सगळं केंद्रापासून शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं, त्याचा या शंकूशी संबंधच नाही.

ऑगस्ट २००४ मध्ये हरिकेन चार्ली फ्लोरिडाकडे निघालं, तेव्हा शंकूच्या मधोमध एक काळी रेघ होती आणि तिचं टोक टँपा उपसागराकडे होतं. टीव्हीवर रेघ दिसली की लोक रेघच बघतात. १३ तारखेला वादळ थोडं उजवीकडे वळलं आणि ताशी सुमारे २४० किलोमीटरचे वारे घेऊन पुंता गोर्दा भागावर आदळलं. तो भाग शंकूच्या आत होता, तिथे हरिकेनचा इशाराही लागू होता. तरी कित्येकांना ते अनपेक्षित वाटलं, कारण रेघ त्यांच्या घरावरून गेली नव्हती. हरिकेन केंद्राचा अंदाज दिलेल्या मर्यादेत होता आणि तरीही लोक गाफील राहिले. चित्राच्या एका रेघेने काय होऊ शकतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. ऑगस्ट २०२४ पासून हरिकेन केंद्राने प्रयोग म्हणून शंकूवरच किनाऱ्याचे आणि आतल्या भागाचेही इशारे रंगवून दाखवायला सुरुवात केली, म्हणजे नजर शंकूबाहेरच्या धोक्याकडेही जाते.

भारी ग्राफिक्सला माझा विरोध मुळीच नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये हरिकेन फ्लॉरेन्सच्या वेळी ‘द वेदर चॅनल’ने संगणकी खेळ बनवण्याचं तंत्र वापरून निवेदिकेभोवती स्टुडिओतच पुराचं पाणी चढताना दाखवलं. आधी तीन फूट, मग सहा, मग नऊ. तीन फुटांत माणसाचा पाय टिकत नाही, सहा फुटांत गाड्या तरंगतात, नऊ फुटांत निवेदिका पाण्याच्या भिंतींनी वेढलेली. ‘नऊ फूट पाणी’ हा आकडा ऐकून जे उमगत नाही, ते तिच्या डोक्यावरून गेलेल्या पाण्याच्या रेषेने क्षणात उमगतं. तंत्र इथे माणसाच्या अंगाच्या मापाला आणून लावलं होतं, म्हणून ते कामी आलं.

मॉडेलकडे स्वतःची शंका मोजायचं साधन असतंच. युरोपीय केंद्र १९९२ पासून एकाच अंदाजाची अनेक गणितं सुरुवातीच्या आकड्यांत किंचित फरक करून चालवतं, आज त्यांची संख्या पन्नासच्या आसपास आहे. सगळ्यांचं उत्तर जवळपास सारखं आलं, तर भरवसा जास्त. ती पांगली, तर कमी. टीव्हीवर मात्र यातलं बहुधा एकच चित्र सरकताना दिसतं, आणि पांगापांग शब्दांवर सोपवली जाते. म्हणून आवाज बंद करून हवामान बघू नये. ‘हा पट्टा थोडा उत्तरेला सरकू शकतो’, ‘वेळेबद्दल अजून खात्री नाही’ असली वाक्यं नकाशावर कुठेच नसतात आणि चांगला निवेदक ती आवर्जून म्हणतो.

घरबसल्या करता येण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. परवाचा दिवस घ्या आणि त्याच वाहिनीच्या लागोपाठच्या तीन-चार बातमीपत्रांत त्या दिवसाचा पाऊस कुठे दाखवतात ते बघा. दर वेळी पट्टा जागेवरच असेल, तर गणितं एकमेकांशी जुळत आहेत. तो दर वेळी शंभरेक किलोमीटर इकडे-तिकडे उडत असेल, तर आजच्या नकाशात तुमचं गाव कोरडं दिसतं की ओलं, याला फारसा अर्थ नाही. मात्र पट्टा स्थिर आहे म्हणून अंदाज बरोबरच ठरेल असंही नाही, कारण सगळ्या गणितांना मिळालेली सुरुवातीची निरीक्षणंच अपुरी असतील तर ती सगळी मिळून एकाच दिशेला चुकतात. विशाल समुद्रावर, जिथे मोजणारी साधनं विरळ असतात, तिथून येणाऱ्या हवामानाबाबत हे जास्त घडतं.